मस्करीची कुळकथा

कुणाची टोपी लपवली आणि तो चिडला, की सातारा-सांगलीकडचा माणूस चटकन म्हणतो, "अहो, मस्करी केली!" हा शब्द आला तरी कुठून?

संस्कृतातही 'मस्करी' आहे. पाणिनीच्या सूत्रात त्याचा अर्थ परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी. पण या संन्याशाचे आपल्या मस्करीशी नाते नाही. दिसायला सारखे, एवढेच. आपला शब्द अरबी 'मस्खरा'पासून फारसीच्या वाटेने मराठीत उतरला. मस्खरा म्हणजे उपहास. आणि ज्याला लोक हसतात, तो माणूसही मस्खराच.

'तमाशा' हा शब्दही त्याच वाटेने आला. तमाशाचे नामांकित शाहीर पठ्ठे बापूराव १८६६ साली जन्मले, ते वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्ष गावी. तमाशातली गवळण आठवा. पेंद्या मावशीची मस्करी करतो; पण मावशी काही गप्प बसत नाही, ती सवाई उत्तर देते. म्हणून सगळा फड हसतो.

ज्याला उलट बोलता येत नाही, त्याची केली तर तो नुसता 'मस्खरा' उरतो. मग आपल्या म्हणीप्रमाणे मस्करीची कुस्करी व्हायला वेळ लागत नाही!