वॉकीटॉकीचा आवाज का पोचत नाही? वॉट वाढवण्याआधी अँटेना, केबल आणि रिपीटरचे ‘कान’ तपासा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा पात्राबाहेर आल्या आणि बेळगाव जिल्ह्यातील शेकडो गावांना पुराचा फटका बसला. अशा पुरात आधी वीज जाते. मग मोबाइल टॉवरची बॅटरी उतरते, आणि जनरेटरला डिझेल पोचले नाही की फोन गप्प होतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात तर अनेक ठिकाणी एरवीही रेंजची बोंब असते. अशा वेळी कामाला येतो तो वायरलेस सेट, म्हणजेच वॉकीटॉकी.

मात्र ‘सेट आहेत, पण आवाज पोचत नाही’ ही तक्रार नेहमीची. त्यावर बहुतेकजण जास्त वॉटचा सेट घ्यायला धावतात. पैसे जातात, पण रेंज फारशी वाढत नाही, कारण दोष बहुधा दुसरीकडेच असतो.

आधी परवान्याचे

भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी ताकदीच्या वॉकीटॉकींना परवाना लागत नाही. बाकी सेटचे तसे नाही. हॅम रेडिओसाठी दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ही परीक्षा देता येते. हॅमचा नेहमीचा व्हीएचएफ पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा आहे. हॉटेल, कारखाने, सुरक्षा कंपन्या यांना वेगळा परवाना लागतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे काही सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलतात, अगदी पोलिसांच्या सुद्धा. असा सेट विनापरवाना वापरणे हा गुन्हा आहे. अशा विक्रीवरून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना नोटिसाही काढल्या होत्या.

लाट किती लांब जाते?

व्हीएचएफ आणि यूएचएफ लाटा जवळपास नजरेच्या रेषेत जातात. अंदाजासाठी सोपा हिशेब आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. हातात धरलेल्या सेटची उंची दीड मीटर धरली तर अंतर ५ किलोमीटर. दोघेही हातातल्या सेटवर असतील तर सपाट माळावर कागदोपत्री १० किलोमीटर. यातला एक अँटेना ३० मीटरवर नेला की हेच अंतर साडेसत्तावीस किलोमीटर होते. प्रत्यक्षात झाडे, घरे आणि डोंगर यातून बरेच कापून घेतात.

वॉटचा हिशेब वेगळा आहे. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, आणि ऐकणाऱ्याला हा फरक जेमतेम जाणवतो. ५ वॉटऐवजी १० वॉटचा सेट घेतला तरी मध्ये आलेला डोंगर हलत नाही. उंची वाढवली तर तो ओलांडता येतो.

हातातला सेट

सेट कमरेला लटकवून बोलले की शरीरच बरीच लाट पिऊन टाकते. सेट तोंडासमोर, अँटेना सरळ उभा ठेवून बोलावे. दुसऱ्या बाजूचा अँटेनाही उभाच असतो, आपण आडवा धरला की सिग्नल पडतो. खरखर येत असेल तर एक-दोन पावले सरकून पाहावे. भिंती-डोंगरांवरून परतलेल्या लाटा एके ठिकाणी एकमेकींना मारतात, अर्ध्या मीटरवर त्याच जुळतात. सेटसोबतचा रबरी आखूड अँटेना सोयीचा असला तरी कमजोर असतो. १४५ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ४९ सेंटीमीटरचा पाव-लहर अँटेना लावला तर त्याच सेटचा आवाज सुधारतो.

केबलमध्ये मुरणारे पैसे

गच्चीवर चांगला अँटेना आणि खाली स्वस्त केबल, हा प्रकार सर्रास दिसतो. आरजी-५८ ही बारीक केबल ३० मीटर वापरली तर १४५ मेगाहर्ट्झवर जवळपास ६ डेसिबल जातात. म्हणजे ५० वॉटपैकी अँटेनापर्यंत साधारण साडेबारा वॉटच पोचतात. जाड आरजी-२१३ मध्ये तेवढ्याच लांबीला ३ डेसिबलच्या आत नुकसान होते, तर अर्धा इंची हार्डलाइनमध्ये १ डेसिबलच्या आत. यूएचएफवर हे नुकसान आणखी वाढते. बोलताना जेवढे जाते तेवढेच ऐकतानाही जाते, हे बरेचजण विसरतात.

रिपीटर: एका कानाने ऐकतो, त्याच क्षणी बोलतो

उंचावर बसवलेला रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच शब्द लगेच दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात सांगतो. दोन मेगाहर्ट्झ आकड्यांमध्ये हॅमच्या व्हीएचएफ रिपीटरवर साधारण ६०० किलोहर्ट्झचे, म्हणजे फार थोडे अंतर असते. खरी अडचण इथेच आहे. रिपीटर ५० वॉटने ओरडत असतो, आणि त्याच वेळी त्याच अँटेनावरून त्याला ०.२५ मायक्रोव्होल्टची कुजबुज ऐकायची असते. या दोन्हींच्या ताकदीत तब्बल १६६ डेसिबलचा फरक असतो.

हे सांभाळण्याचे काम डुप्लेक्सर करतो. धातूच्या डब्यांसारख्या पोकळ्यांचा हा संच ट्रान्समीटरचा गोंगाट रिसीव्हरकडे जाऊ देत नाही. तो नीट जुळवलेला नसेल तर रिपीटर बोलायला लागताच बहिरा होतो. मग लांबच्या गावातल्या माणसाला रिपीटर खणखणीत ऐकू येतो, पण त्याची हाक रिपीटरला पोचत नाही. अशा वेळी रिपीटरचे वॉट वाढवणे म्हणजे बहिऱ्या माणसाच्या हाती लाऊडस्पीकर देण्यासारखे आहे. ट्रान्समीटर तापतो, गोंगाट वाढतो, ऐकणे आणखी बिघडते.

बहिरेपणा कसा ओळखावा?

रिपीटरच्या रिसीव्हरला एक अगदी क्षीण सिग्नल द्यावा. ट्रान्समीटर बंद असताना तो जागेवरच्या स्पीकरवर ऐकावा. मग ट्रान्समीटर चालू करावा. खरखर वाढली किंवा आवाज बुडाला तर दोष नक्की. त्यानंतर पुढील क्रमाने शोध घ्यावा.

१. डुप्लेक्सर वाहतुकीत हलला आहे का? तो पुन्हा जुळवायला योग्य मीटर आणि जाणकार हवा. अंदाजाने स्क्रू फिरवू नयेत.

२. आतल्या छोट्या केबल दुहेरी जाळीच्या आहेत का? एका जाळीच्या केबलमधून सिग्नल गळतो.

३. कनेक्टर सैल, गंजलेले किंवा ओले आहेत का?

४. टॉवरवर गंजलेले नट-बोल्ट, लोंबणाऱ्या तारा आहेत का? गंजलेल्या सांध्यात दोन सिग्नल मिसळून नवाच गोंगाट तयार होतो.

५. शेजारच्या दुसऱ्या यंत्रणेच्या सिग्नलचा त्रास आहे का? असल्यास रिसीव्हरच्या आधी फिल्टर लावावा.

रिपीटर विनाकारण उघडत असेल तर सीटीसीएसएस टोन ठेवावा. कानाला न जाणवणारा हा सूर आल्याशिवाय रिपीटर उघडत नाही. मात्र टोनमुळे गोंगाट कमी होत नाही, फक्त लपतो.

उंच डोंगर नेहमीच चांगला नसतो

चोर्ला किंवा आंबोलीसारख्या घाटपट्ट्यात एक वेगळाच घोटाळा होतो. जास्त गेनचा अँटेना लाट क्षितिजाच्या दिशेने चपटी करून पाठवतो. तो डोंगरमाथ्यावर लावला की लांबच्या शहरात सिग्नल भरपूर, आणि पायथ्याच्या दरीतली वाडी कोरडी. अशा जागी कमी गेनचा किंवा किंचित खाली झुकवलेला अँटेना बरा पडतो. ओल्या दाट झाडीत व्हीएचएफ तुलनेने चांगले चालते. इमारतींच्या आत यूएचएफ.

पावसाळ्याआधीची तयारी

मे महिन्याच्या वळवातच विजा कडाडतात, त्यामुळे टॉवर, केबलची जाळी आणि यंत्राची पेटी यांचे अर्थिंग एकमेकांना जोडलेले असावे. बाहेरच्या कनेक्टरवर स्वतः चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर साधी टेप गुंडाळावी. केबल आत घेण्यापूर्वी तिला खाली झुकणारा वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथेच गळून पडते.

बॅटरीचाही हिशेब मांडावा. समजा रिपीटर बोलताना ८ अँपिअर आणि नुसता ऐकताना ०.७ अँपिअर घेतो, आणि पाचातला एक भाग वेळ तो बोलतो. सरासरी सुमारे २.२ अँपिअर झाली. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर ४५ तास चालेल, पण ती निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाती राहतो एक दिवस. पुरात रस्ते बंद असतात, त्यामुळे सोलर पॅनल हवेच, आणि ढगाळ दिवस धरून बॅटरी मोठी हवी.

शेवटी, चाचणी रिपीटरखाली उभे राहून करू नये. सगळ्यात लांबच्या गावात, सगळ्यात कमजोर सेट घेऊन माणूस पाठवावा. कुठून आवाज पोचतो, कुठे फुटतो, कुठे अजिबात जात नाही, हे गावागणिक वहीत लिहून ठेवावे. ती वही पंचायतीत आणि बचाव पथकाकडे असली, तर पुराच्या रात्री निरोप द्यायला कोणत्या टेकाडावर जायचे हे शोधत बसावे लागणार नाही.