सिम्प्युटरचे ३२ मेगाबाइट आणि आजचा पडदा

संगणक सुरू करावा आणि आपण न मागितलेल्या एखाद्या ॲपची शिफारस समोर झळकावी, हा अनुभव आता कोणालाच नवा नाही. ही रीत अपरिहार्य मानण्यापूर्वी बंगळूरच्या इतिहासातील एक पान उलटून पाहावे.

१९९८ साली या शहरात विकसनशील देशांसाठीच्या माहिती तंत्रज्ञानावर परिषद झाली. त्या चर्चेतून सिम्प्युटरची कल्पना पुढे आली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन आणि व्ही. विनय यांनी एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंत्यांच्या साथीने हा हातात मावणारा संगणक घडवला. एप्रिल २००१ मध्ये त्याचे प्रारूप जाहीर झाले. २०६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ३२ मेगाबाइट मेमरी, लिनक्स आणि ३२० × २४० बिंदूंचा पडदा. किंमत सुमारे ९ हजार रुपये ठेवण्याचे उद्दिष्ट. एवढ्या भांडवलावर भारतीय भाषांतील मजकूर वाचून दाखवण्याची सोय त्यात होती. एकच यंत्र अनेकांना वापरता यावे म्हणून प्रत्येकाची माहिती स्मार्ट कार्डावर ठेवण्याची योजना होती. साधने तुटपुंजी होती, म्हणून प्रत्येक बाइट कोणासाठी खर्च होतो याचा हिशेब ठेवावा लागे.

हा हिशेब इतरत्र सुटत चालला आहे, असा इशारा निकलाउस विर्थ या स्विस शास्त्रज्ञाने १९९५ मध्येच दिला होता. यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात, त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर संथ होते, हे निरीक्षण त्याने मांडले. त्याच वर्षी आलेल्या विंडोज ९५ ला किमान ४ मेगाबाइट मेमरी लागे. २०२१ च्या विंडोज ११ ला किमान ४ गिगाबाइट लागते. म्हणजे १,०२४ पट. ही सारी वाढ उधळपट्टी नव्हे. सूक्ष्म पडदे, सर्व लिपींचे टंक, सुरक्षेची कवचे यांना जागा लागतेच. पण जाहिरात या यादीत बसत नाही. तिचा लाभार्थी वापरणारा नसतो.

मुक्त सॉफ्टवेअरही या मोहापासून अलिप्त राहिले नाही. २०१२ मध्ये उबुंटूने संगणकातील शोधपेटीत ॲमेझॉनवरील वस्तू दाखवायला सुरुवात केली. रिचर्ड स्टॉलमन यांच्यासह अनेकांनी कठोर टीका केली आणि २०१६ च्या आवृत्तीत ती सोय मुळातच बंद ठेवण्यात आली. उलट, एप्रिल २०२४ मध्ये विंडोज ११ च्या स्टार्ट मेनूत ॲपच्या शिफारशी अवतरल्या. सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करता येतात; पण त्या बंद करण्याचे काम वापरणाऱ्याच्याच माथी येते.

सिम्प्युटर मात्र टिकला नाही. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहभागाने त्याची अमिडा ही आवृत्ती बाजारात आली, पण अपेक्षित खप झाला नाही आणि स्वस्त मोबाइल फोनने त्याची जागा घेतली. काटकसर हे काही त्याच्या अपयशाचे कारण नव्हते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी कित्येक धडधाकट यंत्रे त्यामुळे भंगाराच्या वाटेवर आहेत. आपल्या महाविद्यालयातील असे एखादे यंत्र टाकून देण्यापूर्वी त्यावर हलके लिनक्स बसवून पाहा. ज्या संगणकावर मी पीएचडीची आकडेमोड केली, तो त्याच आधारावर आजही काम करतो. आणि नवे यंत्र घ्यायचे झाल्यास पंचवीस वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न विचारा: यातील प्रत्येक बाइट कोणासाठी राबतो?