लेखकाचा पत्ता : ऑर्कुट, महाराष्ट्र आणि एक रशियन दाखला

५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. निमित्त होते जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरील ग्रंथाचे. लेखक दूर अमेरिकेत होता आणि प्रकाशकाने ग्रंथ आधीच मागे घेतला होता. मात्र ऋणनिर्देशात या संस्थेचा उल्लेख होता. जमावाला तेवढा पत्ता पुरला. त्याच जानेवारीत गूगलने ‘ऑर्कुट’ हे सामाजिक संकेतस्थळ सुरू केले. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरीही पुढील दहा वर्षांतील महाराष्ट्राच्या वाचन-लेखन व्यवहाराचा इतिहास लिहिताना त्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

१८६७ च्या कायद्याने आपल्याकडे प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक केले. मजकुराला जबाबदार माणूस असतो आणि त्या माणसाला पत्ता असतो, हे तेव्हापासून आपण गृहीत धरले. आपली टीका, आपले खटले आणि आपला संतापही याच गृहीतकावर उभा होता. ऑर्कुटने ते मोडले.

ऑर्कुट ब्युयुककोक्तेन या तुर्की अभियंत्याने गूगलमध्ये असताना हे संकेतस्थळ घडवले व त्याला आपलेच नाव दिले. आरंभी तेथे कोणाच्या तरी निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. ब्राझील व भारत या दोन देशांत ते विलक्षण लोकप्रिय झाले. त्याची रचना आपल्या ओळखीची होती, हे त्या लोकप्रियतेचे एक कारण असावे. ‘स्क्रॅपबुक’ म्हणजे उघड्यावर ठेवलेली चिठ्ठ्यांची वही. कोणीही लिहावे, कोणीही वाचावे. ‘टेस्टिमोनियल’ म्हणजे शाळा सोडताना मित्रांकडून लिहून घेतलेल्या वहीचेच नवे रूप. आणि ‘कम्युनिटी’ म्हणजे एखाद्या विषयाभोवती जमलेला कट्टा. कवी, किल्ले, गाव, महाविद्यालय, नट, जात, पक्ष, कशाच्याही नावाने असा कट्टा काढता येई. वऱ्हाडातील धनजसारख्या गावचा विद्यार्थी तालुक्याच्या ठिकाणी सायबर कॅफेत, भारनियमनाच्या वेळा सांभाळून, तासावर पैसे मोजून तेथे पोहोचत असे. रोमन लिपीत मराठी लिहिण्याची सवय आपल्या तरुणांना लागली, ती मोबाइलच्या संदेशांत आणि या वह्यांत. मात्र कम्युनिटी काढणाऱ्याचे खरे नाव विचारणारे तेथे कोणी नव्हते. स्नेहाचा कट्टा जितक्या सहज निघे, तितक्याच सहज द्वेषाचाही.

१० ऑक्टोबर २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका भारतद्वेषी कम्युनिटीवरून गूगलला नोटीस काढली. त्या वर्षाच्या अखेरीस छत्रपती शिवाजी महाराजांच्या बदनामीच्या मजकुरावरून पुण्यात प्रक्षोभ झाला. जून २००७ मध्ये शिवाजी महाराज व बाळासाहेब ठाकरे यांच्याविषयीच्या मजकुरावरून मुंबई-ठाणे परिसरात शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी सायबर कॅफे फोडले. कॅफेचालकाचा त्या मजकुराशी संबंध नव्हता, पण त्याला दुकान होते आणि दुकानाला पाटी होती. लेखक सापडत नाही म्हणून ज्याचा पत्ता सापडतो त्याला दोषी धरायचे, हे भांडारकर संस्थेच्या बाबतीत घडले होते. तेच आता घडले.

जमावाने पत्ता असा शोधला. शासनाने शोधला तो आयपी क्रमांकावरून. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक मिळतो. अमुक क्षणी तो क्रमांक कोणत्या ग्राहकाकडे होता, हे सेवा देणाऱ्या कंपनीच्या नोंदींतून कळते. म्हणजे क्रमांकाबरोबर नेमकी वेळही जुळावी लागते; आणि ती जुळली तरी हाती लागते ती जोडणी, लिहिणारा हात नव्हे. शिवाजी महाराजांविषयीच्या त्या मजकुराचा तपास करताना पुणे पोलिसांनी गूगलकडून क्रमांक मिळवला, दूरसंचार कंपनीकडून ग्राहकाचे नाव मिळवले आणि ३१ ऑगस्ट २००७ रोजी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. कंपनीने दिलेले नाव चुकीचे होते. तो मजकूर त्याने लिहिलेला नव्हता. येरवडा कारागृहात त्याचे सुमारे पन्नास दिवस गेले. एका नोंदीतील चूक माणसाच्या आयुष्यात अशी उतरते.

पुढच्या वर्षी असे आणखी खटले झाले. मे २००८ मध्ये सोनिया गांधी यांच्याविषयीच्या अश्लील मजकुरावरून पुणे पोलिसांनी गुडगावच्या एका तरुणाला पकडले. त्याच वर्षी शिवसेनेविरुद्धच्या कम्युनिटीवरून केरळमधील एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यावर ठाणे जिल्ह्यात गुन्हा दाखल झाला. कम्युनिटी त्याने काढलेली होती; आक्षेपार्ह म्हटलेला मजकूर मात्र इतरांनीही लिहिला होता. गुन्हा रद्द करण्याची त्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००९ मध्ये नाकारली. कट्टा काढणारा त्या कट्ट्यावरील प्रत्येक वाक्याचा लेखक ठरतो काय, हा प्रश्न यातून पुढे आला. साहित्याच्या विद्यार्थ्याला तो नवा वाटू नये. संपादक आणि लेखक यांच्या जबाबदारीची सीमा कोठे आखायची, हा वाद नियतकालिकांच्या जगात जुनाच आहे.

याच काळातील एक रशियन दाखला येथे उपयोगी पडतो. पावेल दुरोव हा सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठाचा भाषाशास्त्राचा पदवीधर. वडील रोमन साहित्याचे प्राध्यापक. ऑक्टोबर २००६ मध्ये त्याने ‘व्हीकॉन्टाक्टे’ सुरू केले. आरंभी ते विद्यार्थ्यांपुरते होते व खऱ्या नावाचा आग्रह धरीत होते. बाह्य रूप फेसबुकसारखे होते, पण सदस्यांनी चढवलेल्या संगीत व चित्रपटांचा प्रचंड साठा हे त्याचे खरे आकर्षण. त्यावरून स्वामित्वहक्काचे वाद झडत राहिले. डिसेंबर २०११ मध्ये निवडणुकीविरुद्ध निदर्शने सुरू झाली, तेव्हा विरोधकांचे गट बंद करा अशी मागणी एफएसबी या सुरक्षायंत्रणेने केली. दुरोवने ती मानली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये युक्रेनमधील आंदोलनाचे गट चालवणाऱ्यांची माहिती मागण्यात आली; तीही त्याने दिली नाही. एप्रिल २०१४ मध्ये त्याला पद सोडावे लागले आणि तो देशाबाहेर गेला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मेल.रू या कंपनीने व्हीकॉन्टाक्टेचा पूर्ण ताबा घेतला. पुढे त्याच संकेतस्थळावरील जुनी चित्रे व इतरांचा पुन्हा प्रसृत केलेला मजकूर यांवरून सामान्य तरुणांवर इतके खटले झाले की, २०१८ मध्ये खुद्द मेल.रूने त्यावर जाहीर टीका केली आणि वर्षाअखेर संबंधित कलम काहीसे सौम्य करण्यात आले.

दुरोवला नायक ठरवण्याची घाई करू नये. त्याने पुढे चालवलेल्या टेलिग्रामवरील गुन्हेगारीला आळा घातला नाही आणि तपासाला सहकार्य केले नाही, अशा आरोपांवरून ऑगस्ट २०२४ मध्ये फ्रान्सने त्याला अटक केली. अनामिकतेचा आडोसा आंदोलकाला मिळतो तसा गुन्हेगारालाही मिळतो. रशियात सत्तेला विरोधकाचा पत्ता हवा होता. महाराष्ट्रात अनेकदा भावना दुखावलेल्या समूहाला तो हवा होता आणि शासन त्याच्यासाठी तो शोधत होते. प्रेरणा वेगळ्या, मागणी एकच.

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. तोवर मंडळी फेसबुकवर गेली होती आणि वादही तेथे गेले होते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. त्यानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरच्या एका तरुणीने प्रश्न विचारला. दुसरीने केवळ पसंती नोंदवली. दोघींना अटक झाली आणि एकीच्या काकांचे रुग्णालय फोडण्यात आले. येथे नावे खरी होती, म्हणजे खरे नाव हेही संरक्षण नव्हे. या अटकेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले. त्यापूर्वीच, २ जून २०१४ रोजी, फेसबुकवरील विटंबनेच्या चित्रांवरून उसळलेल्या तणावात पुण्याच्या हडपसर भागात एका तरुण संगणक अभियंत्याची हत्या झाली. त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. या वेळी पत्त्याचीही गरज भासली नाही, पेहराव पुरला.

पत्त्याचा शोध अजून संपलेला नाही. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर मजकुराचा ‘प्रथम प्रवर्तक’ शोधून देण्याचे बंधन घातले आणि व्हॉट्सअ‍ॅपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले.

आपण मराठीचे शिक्षक एक गोष्ट वर्गात दरवर्षी शिकवतो. अभंगात नाममुद्रा असली म्हणून तो त्या संताचा ठरत नाही. जात्यावरच्या ओवीला तर नावच नसते. कोणती रचना कोणाची, प्रक्षेप कोठे झाला, हे ठरवायला हस्तलिखिते ताडून पाहावी लागतात, शंका जिवंत ठेवावी लागते. ज्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तिने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पूर्ण केली. एका ग्रंथाचा पाठ ठरवायला सत्तेचाळीस वर्षे! पोलीस तपासाला एवढा अवधी मिळणार नाही, हे उघड आहे. परंतु कर्तृत्व ही सिद्ध करण्याची बाब आहे, गृहीत धरण्याची नव्हे, एवढे भान पाठचिकित्सेकडून घेता आले असते, तर येरवड्यातील ते पन्नास दिवस टळले असते. ऑर्कुटचा इतिहास साहित्याच्या वर्गात शिकवावा, तो या कारणासाठी.