फाईल कुणाची?

नोकरीतलं पहिलं वर्ष. सात जणांची टीम, एक जुना सर्व्हर आणि त्यावर सगळ्यांची मिळून एक गिट रिपॉझिटरी. रात्री रिलीज होतं आणि संध्याकाळी माझा पुश अडकला: ऑब्जेक्ट लिहायला पुरेशी परवानगी नाही. सकाळी त्याच खात्यावरून व्यवस्थित गेला होता! शोधल्यावर सापडला तो पहिला उपाय मी केला. रूटचा पासवर्ड मागून घेतला आणि सगळ्या फोल्डरवर सीएचमॉड ७७७ मारला. म्हणजे सर्व्हरवरच्या कुणालाही, काहीही लिहायची मुभा. पुश गेला. चार दिवसांनी तीच एरर दुसऱ्या सहकाऱ्याला आली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माझं चुकलं कुठे हे शोधता शोधता मी १९६०च्या दशकात पोचलो. एमआयटीतली सीटीएसएस ही एकाच मशीनवर अनेकांना काम करू देणारी सुरुवातीची प्रणाली. तिचे प्रमुख फर्नांडो कॉर्बाटो यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात एक किस्सा सांगितला आहे. सिस्टिमच्या फोल्डरमध्ये एका वेळी एकच जण काम करणार, असं गृहीत होतं. पुढे काम वाढलं, ती अट सैल झाली. पण एडिटर तात्पुरत्या फाईलला एकच ठरलेलं नाव देत राहिला. एक जण पासवर्डची फाईल आणि दुसरा रोजचा संदेश एकाच वेळी संपादित करत होता. अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यांचे पासवर्ड दिसले. कुणी चोरी केली नव्हती. दोघंही आपापलं काम करत होते.

१९७१च्या युनिक्समध्ये परवानग्या दोनच प्रकारच्या होत्या: मालक आणि बाकीचे. 'ग्रुप' नंतर आला, आणि त्याबरोबर नवा प्रश्न आला. सामायिक फोल्डरमध्ये मी फाईल केली तर ती माझ्या ग्रुपची की फोल्डरच्या? बर्कलीच्या युनिक्सनं सांगितलं, फोल्डरच्या. सिस्टिम फाइव्हच्या परंपरेत ती करणाऱ्याच्या ग्रुपची. फोल्डरचा ग्रुप हवा असेल तर फोल्डरवर सेटजीआयडी बिट लावायचा. लिनक्स सहसा दुसऱ्या वाटेनं चालतं. आमच्या सर्व्हरवर तो बिट कुणीच लावला नव्हता.

१९८६मध्ये ॲमस्टरडॅममध्ये डिक ग्रून यांनी सीव्हीएस लिहिलं, कारण ते आणि त्यांचे दोन विद्यार्थी एकाच कंपायलरवर काम करत होते आणि तिघांच्या वेळा जुळत नव्हत्या. (आमच्याही जुळत नाहीत.) त्यात प्रत्येक कमिटला इतिहासाची फाईल नव्यानं लिहिली जाई, त्यामुळे शेवटचा कमिट ज्याचा, तो तिचा मालक. खरी सत्ता फोल्डरकडे.

मग एप्रिल २००५, लिनस टोरवाल्ड्स आणि गिट. गिट प्रत्येक ऑब्जेक्टचा हॅश काढतं आणि त्याच्या पहिल्या दोन अक्षरांच्या नावाच्या फोल्डरात तो ठेवतं. अशी फोल्डरं २५६ होऊ शकतात, आणि ज्याला जे पहिल्यांदा लागतं तो ते तयार करतो. त्याच्या युमास्कनं ग्रुपची लिहायची परवानगी काढून टाकली असेल, तर ते फोल्डर त्याच्या एकट्याचं. म्हणजे माझा पुश सकाळी जाणं आणि संध्याकाळी अडकणं ही निव्वळ सोडत होती! माझं ७७७ त्या दिवशी असलेल्या फोल्डरांपुरतंच होतं. नंतर गिटनं आवराआवर केली, रिकामी फोल्डरं काढली, ती पुन्हा कुणीतरी आपल्या युमास्कनं तयार केली.

गंमत म्हणजे, गिटनं सुरुवातीला फाईलच्या परवानग्या जशाच्या तशा इतिहासात नोंदवल्या होत्या. प्रत्येकाचा युमास्क वेगळा, त्यामुळे विनाकारण फरक दिसत. पहिल्या काही आठवड्यांतच ठरलं की फाईल चालवता येते की नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. त्या आधीच्या नोंदी लिनक्स कर्नलच्या इतिहासात अजून आहेत. कडक तपासणीत गिट त्यांच्याबद्दल कुरकुर करतं. सामायिक रिपॉझिटरीसाठीची 'शेअर्डरिपॉझिटरी' ही सेटिंग २००५ संपता संपता आली. मला ती चौदा वर्षांनी कळली.

एका रविवारी मी ७७७ काढलं, ग्रुप केला, बिट आणि सेटिंग लावली. एका फोल्डरचा मालक मात्र तसाच राहू दिला. तो सहकारी नोकरी सोडून गेला होता; त्याचं खातं पुसलेलं असल्यामुळे नावाच्या जागी नुसता एक आकडा दिसत होता.