नाच्या, मॅडी आणि सिरास सर

मंडळी, आज जरा वेगळ्याच विषयावर लिहिते आहे. नात्यातल्या काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतील याची कल्पना आहे. पण सत्तरी ओलांडली की आठ्यांची भीती कमी होते (आपल्याच कपाळावर भरपूर असतात!).

विषय असा. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष, ज्याला हल्ली सगळे 'गे' म्हणतात आणि पुस्तकी मराठीत समलिंगी, तो मालिकांत आणि सिनेमांत कसा दाखवतात? आणि तसाच का दाखवतात?

'तसाच' म्हणजे कसा ते तुम्हाला ठाऊक आहे. मनगट मोडलेलं, मान वेळावलेली, भडक शर्ट, लाडिक बोलणं. धंदा फॅशनचा, नाहीतर केस कापायचा. तो नायकाच्या अंगचटीला जाणार, नायक दचकून मागे सरणार, आणि पाठीमागून हशा. पाच मिनिटांचं काम. त्याला आई नसते, भाऊ नसतो, घरभाडं भरायचं नसतं, ताप येत नाही. तो फक्त हसवायला येतो आणि जातो.

हे सोंग परदेशी चॅनलांबरोबर आलं असं पुष्कळांना वाटतं. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे मला कुठल्याही गोष्टीचं मूळ शोधायची खोड आहे. माझं मत विचाराल तर नाव परदेशी असेल, हातवारे मात्र आपल्याच मातीतले आहेत.

जरा मागे जाऊ. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून मराठी रंगभूमीवर बायकांची कामं पुरुषच करत आले. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामती झाले ते साळुंके. 'लंकादहन'मध्ये (१९१७) तर राम तेच आणि सीताही तेच! आणि बालगंधर्व? १९११ ची 'मानापमान'मधली भामिनी, १९१६ ची 'स्वयंवर'मधली रुक्मिणी, १९१९ ची 'एकच प्याला'तली सिंधू. त्यांच्यासारखं लुगडं नेसायला, त्यांच्यासारखा अंबाडा घालायला घरंदाज बायका शिकल्या. त्यांना कोणी हसलं नाही. आमच्या कोकणात शिमग्याला पुरुषच लुगडं नेसून राधा होतो, संकासुराबरोबर दारोदार नाचतो, आणि आपण त्याच्या हातावर पैसे ठेवतो. तो राधा झाला म्हणून त्याच्या घरच्या सोयरिकी कधी मोडल्या नाहीत.

म्हणजे पुरुषाने बाईचं रूप घेणं हे आपल्याला नवीन नव्हतं, लाजिरवाणंही नव्हतं. मग हशा कुठून आला?

१९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आलं आणि त्यात स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली. हळूहळू स्त्रीपार्टी नट मागे पडले. तमाशात हे त्याआधीच घडलं होतं. पूर्वी नाचायला 'नाच्या पोऱ्या' असायचा. फडावर बायका नाचू लागल्यावर त्याचं मूळ काम गेलं. उरली ती थट्टा. गवळणीतली मावशी आणि नाच्या ही हसवायची पात्रं झाली. कला गेली आणि नक्कल राहिली, असं मी म्हणेन.

ती नक्कल पडद्यावर अजरामर केली गणपत पाटलांनी. 'सवाल माझा ऐका' (१९६४), 'केला इशारा जाता जाता' (१९६५) अशा तमाशापटांच्या त्या काळात नाच्या म्हटलं की गणपत पाटील. माणूस कोल्हापूरचा, अभिनय अस्सल. पण त्याची किंमत त्यांनी फार मोजली. त्यांना बायको होती, मुलंबाळं होती, तरी लोक त्यांना नाच्याच समजत आणि त्याचा त्रास घरच्यांनाही झाला, ही व्यथा ते बोलून दाखवत. २००८ साली ते गेले. २०१० मध्ये रवी जाधवांचा 'नटरंग' आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. त्यात अतुल कुलकर्णींचा गुणा, पैलवानी अंगाचा गडी, फड जगवण्यासाठी नाच्या होतो आणि गाव त्याची विटंबना करतं. तो सिनेमा बघताना मला राहून राहून गणपत पाटीलच आठवत होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बाईचं सोंग घेणं ही कला झाली. चालण्याबोलण्यात बायकी ढब असणं हा स्वभाव झाला. आणि मन कोणावर जडतं ही तिसरीच गोष्ट. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेलच असं नाही. बालगंधर्व आणि गणपत पाटील, दोघेही संसारी. पण पडद्याने तिन्हींची एकच मोट बांधली, आणि टीव्हीने ती मोट तशीच उचलली.

शाळेत मला हे रोज ऐकू यायचं. १९७४ साली मी नोकरीला लागले तेव्हा आमचा जिल्हा अजून कुलाबा होता (रायगड नाव १९८१ चं). वर्गात एखादा मुलगा नाजूक आवाजाचा असला, मुलींबरोबर सागरगोटे खेळला, की पोरं त्याला 'गणपत पाटील' म्हणायची. पोरांना सिनेमाचा अर्थ कळत नव्हता, पण दगड कुठला उचलायचा ते बरोबर कळत होतं. मी छडीवर विश्वास ठेवणारी नव्हते, पण या शब्दासाठी मुलांना वर्गाबाहेर उभं केलं आहे.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या अलिबागकडे खाडीपलीकडून चित्र यायचं, वारा सुटला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर मुंग्या. गंमत बघा, त्याच १९७२ मध्ये अमेरिकेत 'दॅट सर्टन समर' नावाचा टीव्हीपट दाखवला गेला. त्यातला घटस्फोटित बाप एका पुरुषाबरोबर राहतो आणि ते आपल्या मुलाला कसं सांगावं या काळजीत असतो. आणि त्याच वर्षी इंग्लंडात 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' ही विनोदी मालिका जन्मली. तिच्यातले कापडदुकानातले मिस्टर हम्फ्रीज म्हणजे थेट आपल्या नाच्याचे विलायती चुलतभाऊ! म्हणजे सगळीकडे दोन्ही वाटा होत्या, माणूस दाखवायची आणि सोंग दाखवायची. आपल्याकडच्या दूरदर्शनने दोन्ही टाळल्या. विषयच नको. खाजगी वाहिन्या आल्या तेव्हा त्यांनी सोपी वाट धरली. 'जस्सी जैसी कोई नहीं' (२००३) मधला फॅशन हाऊसमधला मॅडी आठवतोय? जस्सी कुरूप म्हणून हसू आणि मॅडी तसा म्हणून हसू. जस्सीला निदान पुढे न्याय मिळाला.

मग नोव्हेंबर २००८ मध्ये 'दोस्ताना' आला. दोन तरुण भाड्याच्या घरासाठी समलिंगी असल्याचं नाटक करतात. सगळे हसले, मीही हसले. पण पुढच्या काही महिन्यांत शाळेच्या मैदानावर एक फरक दिसला. आपल्याकडे मुलगे गळ्यात हात टाकून चालतात, बोटात बोट अडकवून बंदरावर जातात, हे पिढ्यान् पिढ्या चाललेलं. त्यात कोणाला काही वाटत नव्हतं. आता मागून कोणीतरी 'ए दोस्ताना!' ओरडायचं आणि हात खाली यायचे. निवृत्तीच्या आधीच्या वर्षात मी हे पाहिलं आणि फार वाईट वाटलं. या थट्टेने समलिंगी मुलांचं नुकसान झालंच, पण साध्या मैत्रीचंही झालं.

कोणी म्हणेल, गंभीर काम झालंच नाही का? झालं ना. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ साली आलं. रोहिणी हट्टंगडींनी स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा साकारली, त्या काळात केवढं धाडस! पण मित्रा शेवटी जीव देते. अमोल पालेकरांचा 'थांग' २००६ चा. नवऱ्याचं एका पुरुषाशी नातं आहे हे बायकोला कळतं. चित्रपट सुंदर आणि समजूतदार, पण आपण बघतो बायकोच्या नजरेने. त्याच वर्षी सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी आली. पुण्यातलं जोशांचं घर, आणि भाऊ नि बहीण दोघंही एकाच भाडेकरूच्या प्रेमात. अस्सल मराठी मध्यमवर्गीय घर! पण त्यावर सिनेमा निघाला २०२२ मध्ये, तो हिंदीत, आणि घर गेलं कोचीला. 'स्टार प्लस'वर २०१० साली 'मर्यादा : लेकिन कब तक?' मध्ये गौरव नावाचा नवरा समलिंगी दाखवला. प्रश्न खरा होता. आई-बापाच्या धाकाने अशी किती लग्नं झाली असतील आणि त्यात दोन्ही जीव कसे होरपळले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही. २०१९ च्या 'मेड इन हेवन'मधला करण तर लग्नांची कंत्राटं घेणारा, कर्जात बुडालेला, हुशार आणि चुकणाराही. म्हणजे अगदी माणूस! पण हे सारं हिंदीत, मोबाइलवर बघायचं. संध्याकाळी सात ते दहा घरातले सगळे मिळून बघतात त्या मराठी मालिकांत सासू, सून, नणंद, जाऊ, भावजी सगळे असतात. या भरल्या घरात असा दीर, असा भाचा मात्र मी तरी पाहिला नाही.

आता सिरास सरांविषयी. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरास. नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख, आणि कवी. त्यांच्या 'पायाखालची हिरवळ' या संग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. घरात ते आणि त्यांचा सोबती, एक रिक्षावाला. विद्यापीठाने त्या घुसखोरीची दखल घ्यायच्या आधी सरांनाच निलंबित केलं. निवृत्तीला काही महिने उरले होते. ते अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती मिळाली, आणि ७ एप्रिलला ते भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडले.

हन्सल मेहतांचा 'अलीगढ' २०१६ च्या फेब्रुवारीत आला. मनोज वाजपेयींनी सिरास सर उभे केले. मी तो बघितला आणि बराच वेळ गप्प बसले. कारण पडद्यावर होता तो आमच्या स्टाफरूममधला माणूस! स्वेटर-मफलर घातलेला, संकोची, कवितेवर जीव असलेला, एकटा बसून लताबाईंचं जुनं गाणं ऐकणारा. टाळी नाही, मुरका नाही. शंभर वर्षांत पडद्याने जो माणूस बघितलाच नाही तो हा, आणि तो मराठीचा मास्तर निघाला.

१८६० च्या दंडविधानातलं ३७७ कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. कायद्याचं असं एकेक पाऊल पडतं. पण ज्या घरात असा मुलगा जन्मतो त्या घराला कायद्याआधी मालिका भेटते. हे मी तर्काने म्हणत नाही. आपल्या नात्यातल्या एका मुलाने मला सांगितलेलं, त्याला विचारूनच लिहिते आहे. तो म्हणाला, "आत्या, चौदाव्या वर्षी मला माझ्याविषयी कळलं तेव्हा पहिली शंका अशी आली की मी तसा नसेनच. कारण टीव्हीवरचे तसे असतात आणि मी तर व्हॉलीबॉल खेळतो." पुढची दहा वर्षं तो कोणाशीच बोलला नाही. आईने मात्र ऐकल्यावर पहिलाच प्रश्न केला, "म्हणजे तू आता साडी नेसणार का?" तिचाही दोष नाही. तिला दुसरं काही कोणी दाखवलंच नव्हतं.

आणि हो, कोणी खरोखरच मान वेळावून बोलत असेल, कोणाला साडी नेसावीशी वाटत असेल, तर त्यालाही हसायचं कारण नाही. बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या मुलखाला हे मी काय सांगावं?

मालिका लिहिणाऱ्यांत माझे काही विद्यार्थी आहेत असं ऐकते. बाबांनो, भाषण नको, क्रांती नको. भरल्या घरात एक मुलगा असू द्या. गणपतीला मखर करणारा, आजीच्या गोळ्या वेळेवर देणारा, बँकेत नोकरीला जाणारा. आणि त्याचा एक मित्र, जो जेवायला येतो आणि ज्याला घरचे नीट वाढतात. तेवढं पुरे.

असो. फार लिहिलं. ज्या ज्येष्ठांना पटलं नसेल त्यांनी फोन करावा, माझी दुपार मोकळीच असते. आणि घरात कोणी व्हॉलीबॉल खेळणारा गप्पगप्प राहत असेल, तर तुम्ही पाहत असलेल्या मालिकेत असलं सोंग आलं की निदान त्याच्यासमोर हसू नका. तो तुमच्याकडे बघत असतो.