कृषिमार्गदर्शन, एकसूत्री

शेतीविषयक निरनिराळ्या मार्गदर्शिका एका मध्यवर्ती सूचीशी जोडून, प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याला टप्प्याटप्प्याने योग्य उत्तरापर्यंत नेण्याची व्यवस्था. संगणकीय परिभाषेत या सूचीस ‘मेनू’ म्हणतात. प्रत्येक मार्गदर्शिका स्वतंत्रच राहते. तिच्याकडे जाणारी वाट मात्र एकाच ठिकाणी सुरू होते.

माहिती उपलब्ध असूनही विखुरलेली असल्याने या व्यवस्थेची गरज निर्माण झाली. पुणे जिल्ह्यातील आळे (ता. जुन्नर) हे गाव याचे बोलके उदाहरण होय. पुणे–नाशिक व कल्याण–अहिल्यानगर हे मार्ग एकमेकांस छेदतात तो आळेफाटा येथून जवळच असून परिसरात कांदा, टोमॅटो इ. नगदी पिके होतात. येथील शेतकऱ्याला पीकरोगासाठी नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र, अनुदानासाठी तालुका कृषी अधिकारी, भावासाठी बाजार समिती व पावसासाठी हवामान खाते अशी चार दारे ठोठवावी लागत. टोमॅटोवरील करपा दमट हवेत झपाट्याने पसरतो. अशा वेळी प्रश्न कोणत्या कार्यालयाचा, हे ठरविण्यात गेलेले दिवस पिकाच्या नुकसानीत मोजावे लागतात.

इतिहास : १९७० नंतर ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीत कृषी कर्मचारी ठराविक दिवशी गावी जाऊन सल्ला देत. १९९८ पासून महाराष्ट्रासह सात राज्यांत प्रायोगिक रीत्या स्थापन झालेल्या ‘आत्मा’ यंत्रणेने जिल्हा पातळीवर विविध खात्यांचा समन्वय साधला. जानेवारी २००४ मध्ये किसान कॉल सेंटर सुरू झाले. एकाच निःशुल्क दूरध्वनीवर प्रथम सल्लागार उत्तर देतो व अवघड प्रश्न तज्ज्ञाकडे सोपवितो. येथे दुवा साधण्याचे काम माणूस करतो. बाजारभावांसाठी ॲगमार्कनेट (२०००) व कीड-रोग सर्वेक्षणासाठी क्रॉपसॅप (२००९-१०) या व्यवस्था स्वतंत्रपणे वाढल्या. मार्च २०१६ मध्ये आलेल्या ‘किसान सुविधा’ या भ्रमणध्वनी-ॲपने हवामान, बाजारभाव, निविष्ठा विक्रेते, पीकसंरक्षण व तज्ज्ञांचा सल्ला ही पाच दालने एका मेनूत आणली. राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळाने ‘अर्ज एक, योजना अनेक’ हे तत्त्व कृषी योजनांना लावले, तर २०२५ मधील ‘महाविस्तार’ ॲपमध्ये मराठीतून थेट प्रश्न विचारण्याची सोय झाली.

गुणदोष : मेनूची रचना खात्यांच्या विभागणीनुसार केल्यास जुनाच गोंधळ पडद्यावर येतो, ती पीक, त्याची अवस्था व दिसणारे लक्षण या क्रमाने केल्यास प्रश्नाचे वर्गीकरण करण्याचा भार शेतकऱ्यावर पडत नाही. एका दालनातील माहिती शिळी झाली, तरी वापरणाऱ्याचा विश्वास साऱ्या मेनूवरूनच उडतो. म्हणून प्रत्येक मार्गदर्शिकेचा उत्तरदायी विभाग निश्चित असावा लागतो. चुकीच्या वाटेवरून मूळ सूचीकडे परतण्याची सोय व अखेरच्या टप्प्यावर तज्ज्ञाशी प्रत्यक्ष बोलण्याची तरतूद याही आवश्यक आहेत. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा शेतकऱ्यांसाठी साधा दूरध्वनी व गावात येणारा कृषी कर्मचारी यांचे महत्त्व कायम आहे.