एका दाण्यातील दोन वाटेकरी

आम्हां कारकून मंडळींना एक नियम पाठ असतो : एकूण तरतूद ठरलेली असली म्हणजे एका शीर्षाखालची रक्कम वाढविण्यासाठी दुसऱ्या शीर्षाला कात्री लावावी लागते. निसर्गाच्या दप्तरीही काहीसा असाच नियम आहे, हे सोयाबीनचा इतिहास चाळताना आमच्या ध्यानी आले. या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल असते. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा बहुधा घटतो. तेव्हा कोणाला झुकते माप द्यावयाचे, हा नवे वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञापुढील जुना पेच होय.

आपल्या देशात या धान्याची वाखाणणी झाली ती प्रथिनांसाठी. १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचा आहारात प्रयोग केला आणि 'हरिजन'मध्ये त्याविषयी लिहिले. पुढच्याच वर्षी बडोदे संस्थानचे अधिकारी एफ. एस. काळे यांचा सोयाबीनवरील विस्तृत इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्याला दूधदुभते परवडत नाही त्याच्या ताटात पोषण कसे यावे, ही त्यामागील तळमळ होती.

अमेरिकेत मात्र वेगळेच घडले. डॉर्सेट आणि मॉर्स या दोघा संशोधकांनी १९२९ ते १९३१ या काळात जपान, कोरिया व चीन येथे हिंडून सोयाबीनचे सुमारे साडेचार हजार नमुने गोळा केले. त्या वेळी तेथे हे पीक मुख्यतः वैरणीसाठी घेतले जाई. पुढे महायुद्धात आग्नेय आशियातील खोबरेल व पामतेल मिळेनासे झाले आणि सोयाबीनच्या तेलाला एकाएकी महत्त्व आले. त्याच सुमारास आलेला 'लिंकन' हा वाण अधिक उत्पन्न व अधिक तेल यांमुळे शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरला.

प्रथिनांचा पक्ष अगदीच निराधार राहिला असे नव्हे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत 'प्रोवार' हा अधिक प्रथिनांचा वाण निघाला. परंतु अशा वाणांना जादा भाव मिळेना, आणि प्रथिने वाढली की एकरी उत्पन्न बहुधा उतरे. म्हणून त्यांचा फारसा प्रसार झाला नाही. १९९२ मध्ये जंगली सोयाबीनशी केलेल्या संकरातून, प्रथिने वाढविणारा व तेल घटविणारा गुण कोणत्या गुणसूत्रावर आहे, याचा माग लागला. त्यामागील नेमके जनुक हाती येण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली. लाभ आणि तोटा एकाच जागी गुंतलेले आढळावेत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

आपल्याकडे १९६० नंतरच्या दशकात पंतनगर व जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने या पिकाची नव्याने उभारणी केली. १९६७ मध्ये अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. १९८७ मध्ये इंदूरला राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. पावसाळ्यात पडीक राहणाऱ्या माळव्याच्या काळ्या जमिनीत पीक फोफावले आणि पुढे विदर्भ-मराठवाड्यातही पसरले. पण त्याला खेचून नेले ते तेलाच्या गिरण्यांनी. प्रथिनांनी भरलेली पेंड बव्हंशी कोंबड्यांच्या खाद्यात आणि परदेशी गेली.

आजही बाजार समितीत शेतकऱ्याचा माल तोलला जातो, त्यातील ओलावा व कचरा पाहिला जातो. दाण्यात प्रथिने किती, हे सहसा कोणी विचारीत नाही. मग त्याने प्रथिनांचा वाण का पेरावा, आणि शास्त्रज्ञाने तो कोणासाठी काढावा? अंदाजपत्रकात कोणते शीर्ष वाढावयाचे हे कारकून ठरवीत नाही, तसेच हे आहे. मगनवाडीतील ते ताट ज्यांच्यासाठी मांडले होते, त्यांच्या वतीने या दाण्याला भाव देणारा कोणीतरी पुढे यावयास हवा. तोवर शास्त्रज्ञाला दोष देण्यात आम्हांला तरी अर्थ दिसत नाही.